ट्यूब अ‍ॅम्प दुरुस्तीला आणण्याआधी एकदा टोन नीट लावून बघा

गणपती जवळ आले की आणि पुढं तुळशीचं लग्न होऊन लगीनसराई सुरू झाली की आमच्या दुकानात गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पबद्दल (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) एकच तक्रार येते : "घरी झकास वाजत होता, स्टेजवर नुसता घुमतोय. ट्यूब गेल्या असतील, बदलून द्या." खानापूर, निपाणी, चिकोडीहून लोक एवढं जड धूड गाडीत घालून आणतात. आम्ही ट्यूब तपासतो, बायस (ट्यूबमधून वाजत नसतानाही वाहणारा प्रवाह ठरवणारी सेटिंग) मोजतो, आणि बहुतेक वेळा सगळं ठीक निघतं. नॉब तेवढे चुकीच्या आकड्यांवर असतात.

चूक होते ती घरी. रात्री खोलीत व्हॉल्यूम १ वर ठेवून टोन लावला जातो. कमी आवाजात आपल्या कानाला खर्जाचे आणि टिपेचे सूर कमी ऐकू येतात, त्यामुळे हात आपोआप बास ८ वर, ट्रेबल ८ वर नेतो. मिडल खाली येतो. आवाज भरीव वाटावा म्हणून गेन, म्हणजे सूर किती फाटतो ते ठरवणारा नॉब, १० वर जातो. हेच आकडे ठेवून हॉलमध्ये व्हॉल्यूम ६ केला की तो जादा बास पुरता ऐकू येऊ लागतो, पॉवर ट्यूबची ताकद त्यातच खर्ची पडते, आणि ढोल, कीबोर्ड, बास गिटार यांच्या गर्दीत तुमची गिटार बुडते. बँडमध्ये गिटार उठून दिसते ती मधल्या सुरांमुळे. तेच आपण घरी काढून टाकलेले असतात.

"मग सगळे नॉब ५ वर ठेवतो," असं पुष्कळजण म्हणतात. त्यानंही काम होत नाही. बहुतेक ट्यूब अ‍ॅम्पमध्ये बास, मिडल, ट्रेबल एकाच सर्किटमध्ये गुंतलेले असतात. ते आवाज फक्त कापतात, वाढवत नाहीत, आणि एक हलवला की बाकीच्या दोघांचा परिणाम बदलतो. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीच्या सर्किटमध्ये तिन्ही ५ वर असले तरी मिडल बराच खाली बसलेला असतो. मार्शल या ब्रिटिश कंपनीचा पहिला अ‍ॅम्प, १९६२ चा जेटीएम ४५, फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पवरूनच बेतलेला, म्हणून घराणं तेच.

आम्ही असं लावतो. ज्या आवाजात कार्यक्रम करायचा तो व्हॉल्यूम आधी. गेन ३-४, मिडल ७, ट्रेबल ४, बास २. मग जाड तारेवर पाम म्यूट मारत (तळहाताची कड तारेवर टेकवून छेडत) बास चढवायचा. ठोका पसरायला लागला की अर्धा आकडा मागे. ट्रेबल लावताना खाली बसून कान स्पीकरच्या समोर आणा. टिपेचे सूर स्पीकरमधून सरळ समोर जातात. अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुम्ही बाजूला उभे, तर तुम्हाला आवाज बोथट वाटतो आणि पुढच्या रांगेतल्यांच्या कानात सुया टोचतात. प्रेझेन्स, म्हणजे टिपेची धार वाढवणारा नॉब, शेवटी.

याला वेळ लागतो. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आपल्याच बेळगाव जिल्ह्यात. तंबोरा जुळल्याशिवाय गाणं सुरू होत नाही, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. साउंडचेकला दहा मिनिटं अ‍ॅम्पसाठी मागून घ्या.

बिघाड नसताना तपासणीचे पैसे कशाला, असं विचारलं जातं. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो. तो उतरवून एकेक ट्यूब मोजायला तास-दीड तास जातो. (म्हणूनच घरी मागचं झाकण उघडू नका.) चांगल्या ट्यूब काढून नवी जोडी विकणं आम्हाला सोपं, पण ते आम्ही करत नाही. त्याच पैशात तुमच्या गिटारवर टोन लावून, नॉबवर खुणा करून देतो.

स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अ‍ॅम्पच्या ८ ओहमच्या आउटपुटला ८ ओहमचाच स्पीकर, १६ ला १६. गिटारची केबल स्पीकरला चालत नाही. जाड स्पीकर केबल दुकानात मापाने बनवून मिळते. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प थेट आपल्या २३० वर लावू नका. मंडपात जनरेटर असेल तर स्टॅबिलायझर जवळ ठेवा, तो आमच्याकडे भाड्यानंही मिळतो.

नवीन घेणाऱ्यांसाठी : १५ वॅटच्या दुप्पट ३० वॅट, पण आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. छोट्या हॉलला १५ भरपूर झाले.

येताना स्वतःची गिटार, केबल, पेडल सगळं आणा. आणि गणपतीसाठी हवं असेल तर श्रावण लागताच या. शेवटच्या आठवड्यात आलेल्या अ‍ॅम्पला एवढा वेळ देणं आम्हाला जमत नाही.