आंब्याच्या खोक्यातली मनी

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, त्या आठवड्यात माझी भाची एका जिन्यावर अडकलेली मांजरी पिशवीत घालून बडोद्याच्या आमच्या दांडिया बाजारातल्या घरी घेऊन आली. पहिल्याच रात्री मनीने माझ्या मनगटावर तीन लांब ओरखडे काढले. "मावशी, ती रागीट नाहीये गं, घाबरलीय," भाची म्हणाली. मला ते पटायला दोन महिने लागले.

ओरखडा "एवढासाच" म्हणून हळद लावून बसू नका. मांजरापासूनही रेबीज होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मी लशीचे सगळे डोस घेतले. पिसवांचाही बंदोबस्त करावा, कारण त्यांच्या विष्ठेतले बार्टोनेला जिवाणू मांजराच्या नखांतून आपल्या जखमेत उतरतात आणि मग काखेत गाठ येऊन ताप भरतो.

मांजराची नखी बोटाच्या शेवटच्या हाडावर बसलेली असते. एरवी एक लवचिक अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, ते हाड मागे ओढून धरतो, म्हणून मांजर बिनआवाज चालतं. स्नायूने कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, ओढली की हाड पुढे वळतं आणि नखी बाहेर येते. नख्या कायमच्या काढायच्या म्हणजे हे हाडच, बोटाचं अख्खं पेर, कापायचं. ते मला क्रूरच वाटतं.

सोफा ओरबाडण्यात राग नसतो. नखीवरचं जुनं टरफल निघतं, अंग ताणलं जातं, आणि पंजातल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो: ही जागा माझी. म्हणून आम्ही काथ्याचा दोर गुंडाळलेला उंच, न हलणारा खांब सोफ्याला खेटूनच ठेवला. कोपऱ्यात ठेवला होता तेव्हा तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

अंगावर येणं मात्र वेगळं. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात अंगावरून फिरला, तर तो हात त्याला आपला वाटतो. तो काळ रस्त्यावर गेला की पुढे प्रत्येक हात परका. घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक उसळतं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, कान डोक्याला चिकटतात. पळायला वाट असेल तर मांजर पळतं. त्या रात्री मी पलंगाखाली हात घातला होता आणि तिची एकुलती एक वाट मीच अडवली होती.

हॉलंडमधल्या युट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोकेवाली मांजरं लवकर सावरली. हे वाचून मी माळ्यावरचा केसर आंब्यांचा रिकामा खोका काढला आणि भिंतीशी आडवा ठेवला. तिने तीन दिवस त्यातच काढले. मी लांब जमिनीवर बसून हळूच डोळे मिटायची, उघडायची. ससेक्स विद्यापीठाच्या २०२०च्या अभ्यासात असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडेही मांजरं जास्त वेळा आली होती. मनीला मात्र सहा आठवडे लागले.

आता ती मांडीशी येते. शेपटीचं टोक फटकारू लागलं, पाठीची कातडी थरथरली, की मी हात काढून घेते. पूर्वी हेच मला दिसत नव्हतं. काल कुकरची शिट्टी झाली आणि ती उडी मारून थेट खोक्यात शिरली. मी गॅस बारीक केला. खोक्याकडे गेले नाही.