अध्याहृत टाइप-रूपांतर (एसक्यूएल)

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतील क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, दोन निरनिराळ्या डेटा टाइपची (संख्या, मजकूर इत्यादी प्रकारांची) मूल्ये एकाच क्रियेत आली आणि लिहिणाऱ्याने 'कास्ट', म्हणजे टाइप बदलण्याची सूचना, स्पष्टपणे दिलेला नसला, तर क्वेरी इंजिन स्वतःहून जे रूपांतर करते त्यास अध्याहृत टाइप-रूपांतर म्हणतात.

इंजिनात ही सोय नव्याने घालताना तिची जागा आधी ठरवावी लागते. क्वेरीची वाक्यरचना वाचणाऱ्या पार्सरला रकान्यांची फक्त नावे दिसतात, टाइप कळत नाहीत. म्हणून नावांचा उलगडा झाल्यावर आणि क्वेरी चालवण्याचा स्वस्त मार्ग निवडणाऱ्या ऑप्टिमायझरच्या हाती ती जाण्यापूर्वी इंजिनातला विश्लेषक वाक्यवृक्षातून (क्वेरीच्या झाडासारख्या मांडणीतून) फिरतो व टाइप जुळत नाहीत तेथे कास्ट घालतो. संख्यांसाठी लहान पूर्णांक, मोठा पूर्णांक, डेसिमल (नेमके दशांश), डबल (६४ बिटांची अंदाजे दशांश संख्या) अशी चढण मानतात. तीही पुरती निर्धोक नाही: ६४ बिटांचा पूर्णांक डबलमध्ये नेल्यास ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे लगतच्या दोन संख्या एकच होऊ शकतात.

खरा घोळ मजकूर आणि संख्या समोरासमोर आल्यावर होतो. गोव्यात जमिनीचा सर्व्हे क्रमांक पोटविभागासह '४५/१' असा लिहितात, त्यामुळे तो रकाना मजकुराचाच ठेवावा लागतो. डिचोलीतल्या एखाद्या पंचायतीच्या तक्त्यावर कोणी अवतरणचिन्हे न देता ४५ शी तुलना केली, तर मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली मजकुराच्या सुरुवातीचे अंक तेवढे उचलते आणि ४५/१, ४५/२ अशा सगळ्या ओळी पुढ्यात ठेवते. सोबतचा इशारा सहसा कोणी वाचत नाही. एसक्यूलाइट ही दुसरी प्रणाली उलट ४५ लाच मजकूर करते, म्हणून एकही ओळ मिळत नाही. ओरॅकल '४५/१' पाशी पोहोचताच अवैध संख्येची त्रुटी देते, तर पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस क्वेरी सुरूच करत नाही. त्याच्या २००८ मधील ८.३ आवृत्तीत मजकुराकडे आपोआप होणारी बरीच रूपांतरे काढून टाकली गेली आणि तोवर चालणाऱ्या कित्येक क्वेरी अडल्या. तरीही चुकीच्या ओळी गुपचूप देण्यापेक्षा हे अडणे बरे.

रकान्यावर कास्ट बसला की त्याचा इंडेक्स (ओळी झटपट शोधण्याची सूची) बहुधा निकामी होतो. म्हणून ३२ बिटांच्या पिनकोड-रकान्याची तुलना ६४ बिटांच्या ४०३००१ शी आली, तर चांगले इंजिन रकाना रुंद न करता स्थिरांकच (येथे ४०३००१) ३२ बिटांत आणते; तो तेथे मावत नसेल, तर समानतेची अट तक्ता न वाचताच निकालात निघते.