पुनर्वसन आणि सावरणे: एका शब्दात गुंतलेल्या दोन गोष्टी

कोयना किंवा वारणेच्या खोऱ्यातून उठून आलेल्या एखाद्या वयस्कर माणसाला गाव विचारले, तर उत्तर बहुधा दोन तुकड्यांत येते: 'मूळचं आम्ही वरचं, आता इथलं.' पहिल्या तुकड्यापाठोपाठ वाडीचे, ओढ्याचे, कधी देवाचेही नाव येते. दुसऱ्यानंतर पुष्कळदा नुसता 'पुनर्वसन' एवढाच शब्द येतो, कारण सातारा-सांगलीच्या अनेक भागांत नव्या गावठाणालाच लोक तसे म्हणतात. 'एसटी पुनर्वसनात थांबते का?' या प्रश्नाचे इथे कोणाला नवल वाटत नाही. सरकारी प्रक्रियेचे नाव हेच गावाचे नाव होऊन बसले आहे. पुनर्वसन झाले म्हणजे माणसे सावरली, असा जो समज आपण बाळगतो, त्याचे मूळ मला या बोलण्यातच दिसते.

पुनर्वसन म्हणजे काय, हे सांगणे तुलनेने सोपे आहे, कारण त्याची फाईल असते. बुडीतक्षेत्र ठरते, बाधितांची संकलन यादी तयार होते, खातेदाराच्या नावापुढे गेलेली जमीन आणि मिळणारी जमीन लिहिली जाते, धरणाचे पाणी मिळणाऱ्या लाभक्षेत्रात गावठाण आखले जाते आणि अठरा नागरी सुविधांपैकी किती झाल्या याचा अहवाल वर जातो. या साऱ्यात एकक असते ते खातेदाराचे आणि करणारा असतो शासन. शेवटही असतो, निदान कागदावर तरी. या कामाला मी हलके लेखत नाही. कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले आणि राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा आहे, म्हणजे कोयनेच्या लोकांनी घरे सोडली तेव्हा त्यांच्या पाठीशी असा कायदाच नव्हता. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि या खोऱ्यात 'धरणग्रस्त' या शब्दाच्या जोडीला 'भूकंपग्रस्त' हा शब्दही आला. दाखल्यासाठी, सातबाऱ्यासाठी, पाण्यासाठी या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मोर्चे काढले. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा महाराष्ट्रात अशा अनुभवांतूनच रुजली. तिचे मोल कमी करणारा कोणताही युक्तिवाद मला मान्य नाही.

सावरण्याची मात्र फाईल नसते. इथे जगातील आदिवासी समाजांचा अनुभव उपयोगी पडतो, कारण या दोन गोष्टींतला भेद त्यांनी फार मोठी किंमत देऊन ओळखला आहे. अर्थात कोयनेचा शेतकरी आणि कॅनडातील आदिवासी यांचा इतिहास एक नव्हे. कोयनेत वीज हवी होती आणि गावे आड आली. कॅनडात मुलांची भाषा आणि संस्कृती पुसणे हेच धोरण होते. तिथे सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत असे. २००७ पासून लागू झालेल्या तडजोडीनुसार त्या शाळांत राहिलेल्यांना पहिल्या वर्षासाठी १०,००० डॉलर आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी ३,००० डॉलर देण्यात आले. ११ जून २००८ रोजी पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. या शाळांचा इतिहास तपासणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. भरपाई आणि माफी दोन्ही आवश्यकच होत्या. पण ज्या आईला स्वतःच्या लहानपणी आईचा सहवास मिळाला नाही, तिने आपल्या मुलाला कोणत्या भाषेत निजवायचे, याचे उत्तर वर्षाला ३,००० डॉलर या हिशेबात नव्हते.

अमेरिकेतील लाकोटा या आदिवासी समाजातील, समाजकार्याच्या अभ्यासक मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी यासाठी 'ऐतिहासिक आघात' ही कल्पना मांडली. अपघात, मारहाण, पूर अशा प्रसंगाने एका माणसाच्या मनावर होणारा आघात वेगळा आणि एका समाजावर पिढ्यान्‌पिढ्या साचत जाणारा आघात वेगळा, असे त्यांचे म्हणणे. १८९० च्या डिसेंबरात वुंडेड नी येथे लाकोटांची कत्तल झाली. त्याआधीच, १८८३ पासून, अमेरिकन सरकारने आदिवासींच्या अनेक धार्मिक विधींवर बंदी घातलेली होती. म्हणजे माणसे मारली गेली आणि त्यांच्यासाठी रीतीप्रमाणे शोक करण्याची मोकळीकही उरली नाही. न केलेला शोक कुटुंबात मुरत जातो आणि ज्यांनी ते दिवस पाहिलेही नाहीत अशा नातवंडांपर्यंत पोहोचतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. आपल्याकडे दहावा-तेरावा न झालेल्या घरात 'मागं काहीतरी राहून गेलंय' असे म्हणतात, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात असेच काहीतरी असते असे मला वाटते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग फरक सरळ आहे: पुनर्वसन म्हणजे घर, जमीन, पैसा, ही भौतिक बाजू, सावरणे म्हणजे मन, ही मानसिक बाजू. पुष्कळजण असेच समजतात आणि माझ्या मते खरा घोटाळा इथेच होतो. असे मानले, की उपायही चुकीचा सुचतो: जमीन देऊन झाली, आता समुपदेशक पाठवा. मग जमिनीचा प्रश्न अर्धवट असलेल्या वस्तीवर तणावमुक्तीचे शिबिर भरते, सह्या घेतल्या जातात, फोटो निघतात आणि 'मानसिक पुनर्वसन' या नावाने आणखी एक फाईल बंद होते. शिबिर मनाचे असले तरी ते ठरवले कोणी, कशासाठी आणि कोणाच्या भाषेत, हे पाहिले तर ते सावरणे ठरत नाही. उलट एखादे काम अगदी सिमेंट-वाळूचे असूनही सावरण्याचे असू शकते.

सांगली जिल्ह्यात याचे उदाहरण आहे. येरळा नदीच्या काठच्या बलवडी आणि तांदुळवाडी या गावांतील लोकांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुष्काळाशी झगडत असताना बळीराजा धरण स्वतः बांधायला घेतले. नदीतील वाळू ठेकेदार उपसून नेत होते. ती थोड्या प्रमाणात गावानेच विकून पैसा उभा केला, बाहेरच्या हितचिंतकांनी मदत केली, लोकांनी श्रमदान केले. पाणी कोणाला किती, हेही गावांनी ठरवले: जमिनीच्या एकरावर नव्हे, तर कुटुंबावर, आणि भूमिहीनांनाही वाटा. ही गावे आदिवासी नव्हेत, पण भेद समजण्यासाठी मला यापेक्षा जवळचे उदाहरण सापडत नाही. दुष्काळाने वाकलेला समाज इथे कोणाच्या यादीत नाव आले म्हणून ताठ झाला नाही. नदीचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क त्याने स्वतःकडे घेतला.

त्यामुळे फरक भौतिक आणि मानसिक यांतला नसून ठरवणारा कोण, यातला आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने मी पुन्हा पुन्हा वाचतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आदिवासी तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण एकूण पाहिले तर भयंकर होते. पण समाजनिहाय पाहिल्यावर काही वस्त्यांत ते खूप जास्त आणि अनेक वस्त्यांत शून्य निघाले. मग त्यांनी सहा गोष्टी तपासल्या: स्वशासन, जमिनीच्या हक्कासाठीचा लढा, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन अशा सेवा आणि सांस्कृतिक वास्तू. यांपैकी जितक्या गोष्टी समाजाच्या स्वतःच्या हातात, तितके आत्महत्यांचे प्रमाण कमी, असे दिसले. ज्यांच्याकडे सहाही होत्या, तिथे १९८७ ते १९९२ या काळात एकाही तरुणाने आत्महत्या केली नव्हती. अशा अभ्यासाने कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे मान्य. तरीही त्या सहांच्या यादीत औषध नाही, हे लक्षात राहते.

'स्वयंनिर्णय' हा शब्द ऐकला, की आपल्याकडे लगेच फुटीरतेची शंका येते. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी स्वीकारलेल्या आदिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात त्याचा अर्थ मुख्यतः आपल्या अंतर्गत आणि स्थानिक कारभारात स्वायत्तता असा आहे. १४४ देशांनी बाजूने मत दिले, त्यांत भारतही होता, जरी सर्वच भारतीय मूळचे रहिवासी आहेत अशी आपल्या सरकारची भूमिका राहिली आहे. जाहीरनाम्याचे दहावे कलम म्हणते, की आदिवासींना त्यांच्या मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय हलवू नये, न्याय्य भरपाईवर आधी एकमत व्हावे आणि शक्य असेल तिथे परत येण्याची मुभा असावी. या शेवटच्या अटीवर मी थांबतो. आपल्या पुनर्वसनाच्या कल्पनेत परत येणे बसतच नाही, आणि धरणाच्या बाबतीत ते बसणारही नाही. पण जंगलाच्या बाबतीत हा प्रश्न खुला असतो.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला. त्यात कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान येतात. या डोंगरांत गवळी-धनगरांचे वाडे पिढ्यान्‌पिढ्या होते आणि काही अजूनही आहेत. सातारा-सांगली हे जिल्हे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या यादीत, नाहीत, म्हणून अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू होत नाही. २००६ चा वनहक्क कायदा मात्र लागू आहे. त्यात अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींनाही हक्क आहेत, पण त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. अभयारण्यातून हलवायचे झाल्यास ग्रामसभेची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हवी, असे हाच कायदा सांगतो. सल्ला घेणे आणि संमती घेणे यांतही असाच घोटाळा होतो: बैठक झाली, इतिवृत्त लिहिले, म्हणजे संमती झाली, असे धरले जाते. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला संमती म्हणता येणार नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाची 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यामागे २००९ मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा ग्रामसभेच्या हाती आलेला अधिकार आहे, हे कमी लोकांना ठाऊक असते.

शेवटी मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट. सांगली जिल्ह्यातील एका गावठाणात प्लॉट चिठ्ठ्या टाकून दिले गेले होते. चिठ्ठीत पक्षपात नव्हता. पण वर डोंगरात जी भावकी एका ओळीत राहत होती, तिची घरे इथे चार गल्ल्यांत विखुरली. एक आजी मला म्हणाल्या, 'बाबा, रातच्याला कुणाला हाक मारावी तर शेजारचं नावसुद्धा ठावं नव्हतं.' ओळी पुन्हा आखून द्याव्यात असा अर्ज गावाने केला. तो मंजूर झाला नाही. मग लोकांनी आपापसांत बोलून, देवळात बसून, एकेक घर अदलाबदल करायला सुरुवात केली. कोणी पत्रे उचलून नेले, कोणी भिंतीसकट दिले आणि वरचे पैसे घेतले, कोणी आईसाठी कोपऱ्याची जागा सोडली. याला दहा-बारा वर्षे लागली. आजींच्या दारावर आजही लाल रंगात १७ हा आकडा आहे, नकाशात तो प्लॉट दुसऱ्याच्या नावावर आहे आणि विजेचे बिल तिसऱ्याच्या नावाने येते. त्यांच्या उजवीकडे धाकटा दीर राहतो, डावीकडे चुलत जाऊ.