एकाच नाकपुडीतून वारंवार घोळणा फुटत असेल तर

एकच नाकपुडी चोंदलेली राहते, अधूनमधून रक्त येतं, आत लालसर मांस वाढलेलं दिसतं. अशी तक्रार घेऊन भंडारा-गोंदियाकडून कुणी आमच्या नागपूरच्या क्लिनिकमध्ये आलं की आम्ही आधी विचारतो, आंघोळीला बोडीवर किंवा तलावावर जाता का? कारण हा ऱ्हायनोस्पोरिडिओसिस असू शकतो. जगात हा आजार क्वचितच दिसतो. जे रुग्ण सापडतात ते मुख्यतः भारत आणि श्रीलंकेतले. साचलेल्या पाण्यातला सूक्ष्मजीव नाकातल्या बारीक जखमेतून आत शिरतो, असं मानलं जातं. हा कॅन्सर नाही. एकाचा दुसऱ्याला लागतही नाही, तेव्हा घरात कुणाची ताटवाटी वेगळी करू नका.

तपासणीसाठी नाक बधिर करून बारीक दुर्बीण आत घालतो. स्क्रीनवर स्ट्रॉबेरीसारखा गुलाबी-लाल गोळा दिसतो, त्यावर पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे जंतूंच्या बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या. हा जंतू प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने वाढवता येत नाही, म्हणून पक्कं निदान मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं.

एक कळकळीची विनंती: हे मांस कुणाकडूनही ओढून काढून घेऊ नका. रक्त खूप जातं, मूळ आतच राहतं आणि सांडलेले बीजाणू शेजारी रुजून आजार परत येऊ शकतो.

ऑपरेशन नाकपुडीतूनच होतं, चेहऱ्यावर चीर नाही. पूर्ण भूल देतो. श्वासाची नळी तोंडातून घालतो आणि घशात पट्टी भरतो, म्हणजे रक्त किंवा तुकडा श्वासनलिकेत उतरत नाही. गोळा काढल्यावर तो जिथे चिकटलेला होता ती जागा कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने, जाळतो. आमच्या मते खरं काम हेच. इथे घाई केली तर बाकी सगळं वाया जातं.

आजार परत येऊ नये म्हणून काही रुग्णांना नंतर काही महिने डॅप्सोन या औषधाच्या गोळ्या लागतात. त्याआधी जी६पीडीची रक्ततपासणी करावीच लागते, कारण हे एन्झाइम कमी असेल तर या गोळीने रक्तपेशी फुटतात. घरात सिकलसेल असेल तर तेही सांगा.

एवढं करूनही आजार उलटू शकतो, म्हणून बरं वाटलं तरी दुर्बिणीच्या फेरतपासणीला या. तलावात डुबकी मारणं बंद ठेवा. येताना जुने रिपोर्ट, आधीच्या ऑपरेशनचे कागद आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची पट्टी सोबत आणा. ती गोळी मनानेच बंद करू नका.