हिरड्यांचा आजार आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण

दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, की ‘दिवस गेलेत, असं व्हायचंच’ म्हणून घरात विषय मिटतो. त्यात थोडं तथ्य आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढतात, हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो आणि दातांवरच्या जंतूंच्या थरामुळे त्या लवकर सुजतात. पण सूज खोल जाऊन दाताला धरणारं हाडच झिजू लागलं, तर तो वेगळा आजार असतो.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात स्टीव्हन ऑफेनबाकर यांच्या गटाने १२४ स्त्रियांची तपासणी केली. हा आजार असलेल्यांमध्ये अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं मूल होण्याची शक्यता सातपटीहून अधिक निघाली. दंतवैद्य आणि प्रसूतितज्ज्ञ, दोघेही चमकले.

तोंडाचा आणि गर्भाशयाचा संबंध कसा जोडायचा? दुखऱ्या हिरडीतून जंतू रक्तात उतरतात. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा तोंडातला जंतू गाभण उंदरिणींच्या रक्तात सोडल्यावर तो थेट वारेत जाऊन वाढला, हे यिपिंग हान यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं. दुसरी वाट रसायनांची. सुजलेल्या हिरडीत प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं. कळा आणण्यासाठी डॉक्टर जे जेल वापरतात, त्यात हेच रसायन असतं!

मग हिरड्यांवर उपचार केले, की प्रश्न सुटायला हवा. अमेरिकेतच ८२३ गरोदर स्त्रियांवर ते करून पाहिलं. निम्म्यांचे दात एकविसाव्या आठवड्याआधी मुळापर्यंत साफ केले, उरलेल्यांचे बाळंतपणानंतर. २००६ मध्ये निकाल आला: ३७ आठवड्यांआधी प्रसूती पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्या गटात १२.८ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. नंतरच्या मोठ्या चाचण्यांतही तेच.

कदाचित तोवर उशीर झालेला असतो. किंवा दोन्हींच्या मुळाशी तिसरंच काही असतं, आणि इथे मला आपल्याकडची मिश्री आठवते. तंबाखू हिरड्याही बिघडवते आणि गर्भालाही सोडत नाही. मुंबईतल्या १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात (२००४) मिश्री किंवा तत्सम तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. दात घासायचं म्हणून बोटावर घेतलेली ती चिमूट सासूबाईंपासून नणंदेपर्यंत सगळ्यांनीच सोडायला हवी, नाहीतर एकट्या सुनेला ती सुटणार कशी?

तेव्हा मूल हवं असेल, तर दिवस राहण्याआधीच हिरड्या दाखवून घ्याव्यात. पण राहिले असतील, तरी ‘आता बाळंतपणानंतर बघू’ म्हणू नये. त्या ८२३ जणींच्या चाचणीत उपचारांनी बाळांना अपाय झाला नाही आणि आयांच्या हिरड्या सुधारल्या. तेवढ्यासाठीसुद्धा उपचार घ्यावेत, आई काही नुसती बाळाची वाहक नव्हे. चौथा ते सहावा महिना खुर्चीत बसायला सोयीचा पडतो. बधिर करायचं नेहमीचं इंजेक्शन चालतं. टेट्रासायक्लिनसारखी काही औषधं मात्र टाळावी लागतात, म्हणून कितवा महिना आहे हे दंतवैद्याला आधी सांगावं.