बहु-टेनंट सर्व्हरलेस फंक्शनची स्थानिक चाचणी

अनेक ग्राहकसंस्था सामाईकपणे वापरतात असे सर्व्हरलेस फंक्शन (स्वतःचा सर्व्हर न सांभाळता, विनंती आली की चालणारा कोडचा तुकडा) क्लाउडवर चढवण्यापूर्वी विकसकाच्या संगणकावर चालवून तपासण्याची पद्धत. अशा प्रत्येक ग्राहकसंस्थेला टेनंट म्हणतात. पतसंस्थांसाठी बनवलेली एखादी हिशेबप्रणाली शंभर संस्था वापरत असल्या, तरी खातेउतारा काढणारे फंक्शन एकच असते. विनंतीसोबतच्या टोकनवरून, म्हणजे ओळख पटवणाऱ्या सांकेतिक खुणेवरून, ती कोणाची हे ते ओळखते. उतारा बरोबर निघतो की नाही हे साध्या युनिट टेस्टमध्येही (कोडचा एकेक भाग सुटा तपासणाऱ्या चाचणीत) कळते. इथे तपासायचे असते ते हे, की एका संस्थेचा उतारा दुसरीच्या हाती पडू शकतो का. गंमत अशी की, या कामाची नेहमीची साधने मुळात जशी येतात तशीच वापरली, तर नेमका हाच दोष झाकला जातो.

ॲमेझॉनने लॅम्डा ही सर्व्हरलेस फंक्शन चालवणारी सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर केली. तिच्यासाठीचे सॅम सीएलआय हे साधन २०१७ मध्ये ‘सॅम लोकल’ या नावाने आले. ते फंक्शन डॉकर कंटेनरमध्ये (संगणकावरच्या वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) चालवते आणि ३००० क्रमांकाच्या पोर्टवर एपीआय, म्हणजे विनंत्या स्वीकारणारे दार, उभा करते. मायक्रोसॉफ्टच्या अझुर फंक्शन्ससाठी कोअर टूल्स, तर गूगलसाठी फंक्शन्स फ्रेमवर्क आहे. लोकलस्टॅक हे साधन साठवण, रांगा अशा ॲमेझॉनच्या इतर सेवांची नक्कल पुरवते.

लॅम्डाचे एक चालते वातावरण साधारणपणे एका वेळी एकच विनंती हाताळते, पण काम झाले की ते लगेच मोडत नाही. गोठवून ठेवले जाते आणि पुढच्या विनंतीला पुन्हा वापरले जाते. त्यामुळे हँडलरच्या (दर विनंतीला चालणाऱ्या मुख्य भागाच्या) बाहेर ठेवलेली व्हेरिएबल, कॅश (तात्पुरता साठवलेला डेटा), डेटाबेसची जोडणी आणि टेम्प फोल्डरमधल्या फायली तशाच शिल्लक राहतात. वेग त्यामुळेच मिळतो आणि घोटाळाही तिथेच होतो. कुणी चालू टेनंटचा आयडी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर पुढच्या विनंतीला मागच्या संस्थेचा आयडी आयता मिळतो. सॅम मात्र दर विनंतीला नवा कंटेनर उघडते. पाटी दर वेळी कोरी असल्याने संगणकावर सगळे सुरळीत दिसते.

त्यावर उपाय म्हणजे ‘वॉर्म कंटेनर्स’ हा पर्याय चालू करणे, म्हणजे कंटेनर विनंत्यांच्या मध्ये जिवंत राहतो. मग तीन विनंत्या ओळीने पाठवायच्या : पहिली ‘अ’ संस्थेची, दुसरी ‘ब’ची आणि तिसरी टेनंटचा उल्लेखच नसलेली. तिसरी नाकारली गेलीच पाहिजे. तिला ‘ब’चा उतारा मिळाला, तर दोष हाती लागला. पुष्कळ चाचण्यांत पहिल्या दोनच विनंत्या असतात आणि त्या पासही होतात, कारण त्या दोन्ही वेळा व्हेरिएबलमध्ये नवा आयडी भरला जातो.

अझुरमध्ये, तसेच गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या फंक्शनमध्ये एकच प्रक्रिया एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळू शकते. तिथे ग्लोबल व्हेरिएबल विनंती चालू असतानाच बदलू शकते. हे पकडायला टेनंट ओळखल्यानंतर आणि डेटा वाचण्यापूर्वी मुद्दाम दोन-तीन सेकंदांचा थांबा घालून दोन संस्थांच्या विनंत्या एकदम सोडतात.

डेटाच्या बाजूला फसगत आणखी सोपी. डायनॅमोडीबी लोकल, म्हणजे ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसची संगणकावर चालणारी आवृत्ती, कोणतीही बनावट ॲक्सेस की स्वीकारते आणि परवानग्यांचे नियम लावत नाही. शिवाय ‘शेअर्ड डीबी’ पर्याय दिला नाही, तर ती प्रत्येक की व रीजन (क्लाउडचा भौगोलिक विभाग) यांच्या जोडीसाठी वेगळा डेटाबेस धरते. चाचणीत दोन टेनंटना दोन वेगळ्या की दिल्या, तर कोडमध्ये विलगीकरणाची एकही ओळ नसताना त्यांचा डेटा वेगळा राहतो! खऱ्या सेवेत टेबल एकच असते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून ओळनिहाय सुरक्षा (टेबलातली कोणती ओळ कोणाला दिसावी याचे नियम) मिळते, पण तिचे नियम सुपरयुझरला, म्हणजे सर्व हक्क असलेल्या युझरला, लागू होत नाहीत, आणि सक्ती केल्याशिवाय टेबलाच्या मालकालाही नाहीत. संगणकावर मात्र बहुतेक जण ‘पोस्टग्रेस’ या सुपरयुझरनेच जोडलेले असतात. म्हणजे नियम बरोबर लिहिला की चुकीचा, हे तपासलेच जात नाही. चाचणीसाठी मर्यादित हक्कांचा वेगळा युझर लागतो. टेनंटचा आयडी सत्राच्या पातळीवर ‘सेट’ केला, तर तो पुन्हा वापरात आलेल्या जोडणीसोबत पुढच्या विनंतीपर्यंत जातो. ‘सेट लोकल’ वापरल्यास तो व्यवहारापुरताच टिकतो.

नमुना डेटाही जाणून बनवावा लागतो. दोन्ही संस्थांत १०१ क्रमांकाचे खाते हवे, शिल्लक वेगवेगळी हवी. क्वेरीतली टेनंटची अट राहून गेली, तर ती अशा डेटावर लगेच उघडी पडते. वेगळे क्रमांक दिले की ती लपते. ग्राहकांचा खरा डेटा लॅपटॉपवर उतरवून चाचणी करणे हा यावरचा उपाय नव्हे, ती वेगळीच जोखीम आहे.

काही गोष्टी मात्र संगणकावर तपासता येतच नाहीत. सॅमने चालवलेल्या फंक्शनला साधारणपणे विकसकाचेच अधिकार मिळतात, आणि ते फंक्शनच्या रोलपेक्षा (क्लाउडवर त्याला दिलेल्या अधिकारांपेक्षा) बहुधा बरेच व्यापक असतात. त्यामुळे पार्टिशन की (डायनॅमोडीबीत नोंद ज्यावरून शोधली जाते ती की) टेनंटच्या आयडीशी बांधणारी आयएएमची, म्हणजे ॲमेझॉनच्या परवानगी-व्यवस्थेची, अट खऱ्या क्लाउड खात्यातच तपासावी लागते. एका टेनंटच्या गर्दीने इतरांची वाट अडते का, हेही तसेच : लॅम्डाची एका रीजनमधली मूळ समांतर मर्यादा, म्हणजे एकाच वेळी हाताळल्या जाणाऱ्या विनंत्यांची मर्यादा, १,००० आहे, ती सर्व टेनंटमध्ये वाटली जाते आणि लॅपटॉपवर तिची नक्कल होत नाही. या चाचण्यांसाठी विकासाचे स्वतंत्र खाते ठेवतात आणि ‘सॅम सिंक’ने बदललेला कोड तिथे चढवतात.