कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल आपण जे ऐकतो, ते आलं कुठून?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारून झाल्या की बाकांवर जी बैठक बसते, तिथे औषधांवर जेवढी चर्चा होते तेवढी राजकारणावरही होत नसेल. (मैदानाचं कागदोपत्री नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं.)

"नाना, चार दिवस दिसला नाहीत?"

"पोटऱ्या धरल्यात रे. ती कोलेस्टेरॉलची गोळी बंदच करून टाकली परवा."

एवढं ऐकायचा अवकाश, बाकावरून सल्ले सुरू. बरं केलंत, लिव्हर जातं त्यानं. आमच्या मेहुण्यांना शुगर लागली त्या गोळीपायी. तुम्ही सकाळी घेत असाल, ती रात्रीच घ्यायची असते. द्राक्षं खाता का? मग त्रास होणारच. आणि शेवटी कोणीतरी मान हलवत म्हणतो, एकदा सुरू झाली की जन्माची.

यातलं एकही वाक्य हवेतून आलेलं नाही. प्रत्येकामागे एखादी घटना आहे आणि तिला साल आहे. फक्त काहींची मुदत संपून गेली आहे, आणि काही भलत्याच माणसाला लावली जातात.

कोलेस्टेरॉल हा पदार्थ माणसाला आधी सापडला तो पित्ताशयातल्या खड्यांत, अठराव्या शतकात. १८१५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी त्याचं बारसं केलं, तेही 'पित्त' आणि 'घट्ट' या ग्रीक शब्दांवरून. हृदयाशी त्याचा संबंध जोडला गेला तो पुढे शंभर वर्षांनी. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि सशांच्या रक्तवाहिन्यांच्या आत थर चढले. ससा पडला शाकाहारी. त्याला न पचणारं खायला घातल्यावर असं होणारच, त्यावरून माणसाचं काय सांगता, असा आक्षेप आला आणि बरीच वर्षं टिकला. तो सैल झाला फ्रॅमिंगहॅममुळे. अमेरिकेतल्या या छोट्या गावात १९४८ पासून ५,२०९ माणसांची नियमित तपासणी सुरू झाली. रक्तदाब, विडी-सिगारेट, कोलेस्टेरॉल यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या आणि कोणाला झटका येतो ते पाहिलं गेलं. 'रिस्क फॅक्टर' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी रुळला तो याच अभ्यासाच्या १९६१ च्या निबंधानंतर.

आता कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध हवं होतं, आणि इथेच पहिला अपघात झाला. ट्रायपॅरॅनॉल नावाची गोळी अमेरिकेत १९६० च्या सुमारास बाजारात आली. तिने कोलेस्टेरॉल उतरायचं, पण लोकांचे केस गळू लागले, त्वचा सोलवटली आणि डोळ्यांत मोतीबिंदू झाले. १९६२ मध्ये गोळी मागे घेतली गेली. प्राण्यांवरच्या प्रयोगांतली माहिती कंपनीने फिरवून दाखवली होती, हेही उघडकीला आलं. त्यात रसायनशास्त्राची एक खोच होती. शरीर कोलेस्टेरॉल तयार करतं ते पंचवीस-तीस पायऱ्यांनी, आणि ही गोळी अडवायची अगदी शेवटची पायरी. त्यामुळे जवळजवळ तयार झालेला माल आतच साचत राहायचा.

पाठोपाठ क्लोफायब्रेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीचा निकाल १९७८ मध्ये आला. झटके कमी झाले होते, पण गोळी घेणाऱ्यांत एकूण मृत्यू जास्त होते. रिपोर्टमधला आकडा खाली आला म्हणजे माणूस वाचला, असं नव्हे. हे त्या निकालाने डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं बसवलं आणि ते बरंच झालं. त्यानंतर या औषधांना एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: एकूण माणसं किती वाचली?

आज आपण घेतो त्या गोळीची, म्हणजे स्टॅटिनची, गोष्ट मात्र जपानमधली आहे आणि बुरशीपासून सुरू होते. अकिरा एंडो हे अकिता प्रांतातल्या शेतकरी घरातले. टोकियोच्या सांक्यो कंपनीत १९७१ पासून त्यांनी सहा हजारांवर सूक्ष्मजीव तपासले. तर्क साधा होता: बुरशीला शत्रू जंतूंपासून वाचायचं, तर जंतूंना लागणारी कोलेस्टेरॉलसारखी द्रव्यं बनू न देणारं काहीतरी ती सोडत असेल. १९७३ मध्ये क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत ते सापडलं. पेनिसिलिनच्याच कुळातली ही बुरशी. द्रव्याचं नाव पडलं कॉम्पॅक्टिन. हे द्रव्य कोलेस्टेरॉलच्या कारखान्यातली सुरुवातीची पायरी अडवतं, म्हणून अर्धवट माल साचत नाही. घरातच माल कमी पडू लागला की यकृत आपल्या पेशींवर जास्त 'हात' उगवतं आणि रक्तातलं एलडीएल ('वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ओढून घेतं. हे हात, म्हणजे एलडीएल रिसेप्टर, शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. एंडोंना नोबेल मिळालं नाही. २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी ते गेले.

कॉम्पॅक्टिनचा उंदरांवर काही परिणाम होईना. कंपनी प्रकल्प गुंडाळायच्या बेतात होती, तेव्हा एंडोंनी ते कोंबड्यांना देऊन पाहिलं आणि कोलेस्टेरॉल धाडकन उतरलं. १९७८ मध्ये ओसाकाच्या डॉ. यामामोतो यांनी जन्मजात अतिकोलेस्टेरॉलचा आजार असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला ते दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण तिच्या स्नायूंत अशक्तपणा आला. डोस कमी करून पुढच्या रुग्णांना दिला, तेव्हा जमलं. म्हणजे नानांच्या पोटऱ्यांची तक्रार या औषधाच्या अगदी पहिल्या रुग्णापासूनची आहे.

१९८० मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात कर्करोगाच्या गाठींचा संशय आला आणि जपानी कंपनीने काम थांबवलं. अमेरिकेत मर्क कंपनीला दुसऱ्या एका बुरशीत सापडलेलं भावंड, लोव्हास्टॅटिन, तपासण्यांतून तावूनसुलाखून १९८७ मध्ये बाजारात आलं. ट्रायपॅरॅनॉलने पोळलेली मंडळी आता ताकही फुंकून पीत होती. सुरुवातीला या गोळीबरोबर डोळे तपासून घ्यायला सांगत आणि दर काही आठवड्यांनी लिव्हरच्या रक्ततपासण्या. मोतीबिंदूची भीती काही वर्षांत मावळली. लिव्हरची सूचना टिकली थेट २०१२ पर्यंत. लिव्हरला गंभीर इजा इतकी विरळ दिसली की त्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सरसकट वारंवार तपासणीची अट काढून टाकली. सुरू करण्याआधी एकदा करा, पुढे लक्षणं दिसली तर करा, एवढंच राहिलं. 'लिव्हर जातं' या वाक्याची मुदत संपली आहे ती अशी.

'रात्रीच घ्यायची' याचंही तसंच. सिम्व्हास्टॅटिनसारख्या जुन्या गोळ्यांचा अंमल काही तासच टिकायचा आणि शरीर कोलेस्टेरॉल जास्त बनवतं ते रात्री, म्हणून रात्रीची वेळ. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन बराच वेळ टिकतात. चहाबरोबर घेतली तरी चालते, रोज घेतली म्हणजे झालं.

द्राक्षांचा घोटाळा तर खास आपल्या जिल्ह्याला सतावणारा. इंग्रजी माहितीपत्रकात 'ग्रेपफ्रूट' टाळा असं असतं आणि कोणीतरी त्याचं 'द्राक्षफळ' करून टाकतं. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या घराण्यातलं आंबट फळ. त्यातली द्रव्यं आतड्यातलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात, त्यामुळे सिम्व्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात ॲटोर्व्हास्टॅटिन रक्तात जास्त साठतं. पपनस भरपूर खाणाऱ्याने डॉक्टरांना जरूर विचारावं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांनी मात्र कोणाचं काही वाकडं केलेलं नाही. मधुमेह असेल तर साखरेचा हिशेब वेगळा.

आता फायद्याकडे. १९९४ मध्ये पाच नॉर्डिक देशांतल्या ४,४४४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. हे सगळे आधीच झटका येऊन गेलेले किंवा छातीत दुखणारे होते. साधारण साडेपाच वर्षांत नुसती खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरात साडेअकरा दगावले, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी आठच्या थोडे वर. क्लोफायब्रेटने अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाला पहिल्यांदा सरळ उत्तर मिळालं. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडची चाचणी आली, झटका न आलेल्या ६,५९५ पुरुषांची. तिथेही झटके ३१ टक्क्यांनी घटले. पण उघडून पाहिलं तर पाचेक वर्षांत शंभरात आठांऐवजी साडेपाच. टक्के तेच, माणसं कमी, कारण मुळात धोकाच कमी.

माझ्या मते बाकावरचे निम्मे वाद या दोन चाचण्या एकत्र कालवल्यामुळे होतात. स्टेंट टाकलेला माणूस आणि कंपनीच्या वार्षिक तपासणीत एलडीएल १४५ निघालेला चाळिशीतला सातपूरचा इंजिनिअर, दोघांच्या हातात एकच गोळी असते, पण प्रश्न एक नसतो. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्याचा हिशेब असा: दहा हजार माणसांचं एलडीएल पाच वर्षं सुमारे ७७ ने उतरवून ठेवलं, तर आधीच हृदयरोग असलेल्यांत झटका-पक्षाघातासारखे सुमारे १,००० मोठे प्रसंग टळतात. हृदयरोग नसलेल्या पण धोका वाढलेल्यांत सुमारे ५००. त्याच दहा हजारांत स्नायूंचा गंभीर विकार पाचेक जणांना, नव्याने मधुमेह पन्नास ते शंभर जणांना.

मधुमेहाची गोष्ट खरी आहे, हे लपवायचं कारण नाही. २००८ च्या एका मोठ्या चाचणीत रोझुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मधुमेहाचं निदान ३ टक्क्यांना झालं, खोट्या गोळीवाल्यांत २.४ टक्क्यांना. २०१० मध्ये तेरा चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा धोका ९ टक्क्यांनी वाढलेला दिसला, म्हणजे २५५ माणसांनी चार वर्षं गोळी घेतली तर एक जास्तीचा मधुमेही. तोही बहुधा आधीच साखरेच्या उंबरठ्यावर उभा असलेला. मेहुण्यांचं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) गोळीआधी किती होतं, हे विचारायला हवं होतं.

स्नायूंचं प्रकरण सगळ्यांत गुंतागुंतीचं. २००१ च्या ऑगस्टमध्ये सेरिव्हास्टॅटिन जगभरातून मागे घेतलं गेलं. स्नायू विरघळून मूत्रपिंडं निकामी झाल्याने ५२ मृत्यूंची नोंद झाली होती. त्यांतले बरेच जण चढा डोस किंवा जोडीला जेमफायब्रोझिल हे रक्तातली चरबी उतरवणारं दुसरं औषध घेत होते. ती धास्ती पुढे सगळ्या स्टॅटिनांना चिकटली. मग २०२० मध्ये लंडनमध्ये एक मजेशीर प्रयोग झाला. त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या: चारांत ॲटोर्व्हास्टॅटिन, चारांत खोटी गोळी, चार रिकाम्या. त्रासाचे गुण रोज नोंदवले गेले. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीला १५.४, खऱ्या गोळीला १६.३. याचा अर्थ लोक नाटक करत होते, असा कोणी काढला तर तो मूर्खपणा. दुखणं खरंच होतं, फक्त ते गोळीतल्या औषधाने क्वचितच होत होतं. २०२२ मध्ये १,२३,९४० जणांची माहिती एकत्र केली, तेव्हाही गोळीवर असताना आलेल्या स्नायूंच्या तक्रारींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त गोळीमुळे नव्हत्या. उरलेल्या बहुतेक पहिल्या वर्षातल्या.

आपल्या देशात या इतिहासाला आणखी एक फाटा आहे. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थाला पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं. २००५ मध्ये ते बदललं, तोवर इथल्या कंपन्या ॲटोर्व्हास्टॅटिन स्वस्तात विकू लागल्या होत्या. अमेरिकेत त्याची जेनेरिक गोळी यायला २०११ उजाडलं. स्वस्ताईचा फायदा मोठाच, कारण आपल्याकडे झटका लवकर येतो: बावन्न देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या झटक्याचं वय दक्षिण आशियात ५३ आणि इतरत्र जवळपास ५९ निघालं. पण स्वस्त आणि सहज मिळणारी गोळी सोडलीही सहज जाते. त्यात आपल्याकडे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोर्व्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं. कोलेस्टेरॉलची म्हणून ती बंद करणारा स्टेंटवाला रक्त पातळ ठेवणारं औषधही त्याच दिवशी बंद करतो. गोळीचा अंमल थोड्याच आठवड्यांत ओसरतो आणि आकडा जुन्या जागी परततो. 'जन्माची' म्हणतात ती यासाठी, व्यसन लागतं म्हणून नव्हे.

बंद करणं आणि सोसत राहणं यांच्या मध्येही बऱ्याच वाटा आहेत. डोस दुप्पट केला तर एलडीएल जास्तीचं उतरतं ते फक्त सहाएक टक्के. म्हणजे चाळीसची वीस केल्याने गमावायचंही तेवढंच. आशियाई माणसाच्या रक्तात रोझुव्हास्टॅटिन जवळपास दुप्पट साठतं, म्हणून पाच मिलिग्रॅमपासून सुरुवात सुचवलेली आहे. एझेटिमाइब हे वेगळं औषध जोडता येतं, स्टॅटिन सोसतच नसेल तर बेम्पेडोइक ॲसिड आहे. आणि मंदावलेला थायरॉइड पाय दुखवतो, कोलेस्टेरॉलही चढवतो, त्यामुळे तो तपासल्याशिवाय गोळीवर आळ घेणं घाईचं. पंच्याहत्तरीनंतर, हृदयरोग नसताना, पहिल्यांदाच गोळी सुरू करावी का, याबद्दल मात्र पुरावा तोकडा आहे, आणि डॉक्टरांत प्रामाणिक मतभेद असतात ते तिथे.

नानांना सहा वर्षांपूर्वी स्टेंट टाकली आहे. परवा बंद केली ती तीन औषधांचीच कॅप्सूल निघाली. मुलगा त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे घेऊन गेला. आता तीन वेगळ्या गोळ्या आहेत, स्टॅटिनचा डोस निम्मा. दोनच फेऱ्या मारतात, पोटऱ्या अजून धरतात. थायरॉइडचा रिपोर्ट मंगळवारी यायचाय.